आरोप, अपन्हुती, ससंदेह

अलंकारांच्या तासाला रूपक शिकवताना ‘आरोप’ हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल, याची गणती नाही. उपमेयावर उपमानाचा आरोप केला आणि दोहोंतील भेद पुसून टाकला की रूपक सिद्ध होते, ही व्याख्या मी पस्तीस वर्षे पदवीच्या वर्गांना सांगत आले. मुख चंद्र होते, चरण कमल होतात, संसार सागर होतो. या आरोपाने कोणाचे काही बिघडत नाही. पुढे हाच शब्द एका तालुक्याच्या न्यायालयात मी सात वर्षे ऐकला. तेथे तो माझ्या धाकट्या भावाच्या मुलावर होता, आणि तो सिद्ध झाला असता तर त्याला जन्मठेपही होऊ शकली असती.

साहित्याच्या अभ्यासकाने न्यायालयाविषयी लिहावे काय, हा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. कायद्याचे माझे ज्ञान खटल्याच्या निमित्ताने झालेल्या वाचनापुरतेच आहे. तथापि मराठीत आपण ‘संहिता’ हा शब्द नाटकाच्या लिखित रूपालाही वापरतो आणि दंडाच्या कायद्यालाही. दोन्हीकडे काम वाचनाचेच असते. गंभीर मारहाणीच्या आरोपातून बचाव करणे म्हणजे काय, हे मला त्या सात वर्षांत जसे उमगले, तसे येथे मांडत आहे.

प्रसंग थोडक्यात सांगितला पाहिजे. मे २०१६ मध्ये आमच्या गावी पाटाला उन्हाळी पाणी सुटले होते आणि पाळी रात्रीची आली होती. भाचा उसाला दारे धरायला गेला होता. आपल्या वाट्याचे पाणी फुटले म्हणून शेजारच्या रानातला, त्याच्याच वयाचा गडी बांधावर आला. त्या चारीवरून दोन्ही घरांत तीन वर्षे धुसफूस चालू होती. थोड्याच वेळात शेजारी डोक्याचे हाड मोडून बेशुद्ध पडला होता आणि भाच्याच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर खोल जखम होती. शेजाऱ्याच्या भावाने पहाटे फिर्याद दिली. भाच्याची तक्रार दुसऱ्या दिवशी नोंदवली गेली, तीही अदखलपात्र म्हणून. तो सदतीस दिवस कोठडीत आणि तुरुंगात राहून जामिनावर सुटला.

आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ खालचा होता, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा. या कलमाची शिक्षा दहा वर्षांपर्यंत असते. त्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. जोडीला कलम ३२६ होते: घातक हत्याराने जबर दुखापत. ‘जबर’ हे विशेषण कायद्याने सैल ठेवलेले नाही. त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. डोळा जाणे, कान जाणे, हाड मोडणे, दात पडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे त्यांपैकी काही. शेवटच्या प्रकारात जिवाला धोका आणणारी, अथवा माणसाला वीस दिवस तीव्र वेदनेत ठेवणारी किंवा नित्याची कामे करू न देणारी दुखापत येते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि या वीस दिवसांचे पंधरा झाले. आमचा प्रसंग जुन्या संहितेच्या काळातला, म्हणून तिचीच कलमे येथे देते. विशेषणाचा अर्थ इतका मोजून देणारे गद्य मी त्याआधी वाचलेले नव्हते.

फिर्यादीची भाषा मात्र अगदी दुसऱ्या जातीची होती. तिची प्रत हाती आली तेव्हा मी ती सवयीने पेन्सिल घेऊन वाचू लागले. ‘समक्ष विचारले वरून फिर्यादी जबाब लिहून देतो की’ अशी सुरुवात आणि ‘वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असा शेवट. मधल्या मजकुरात ‘जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने’ आणि ‘तुला आता जिवंत सोडत नाही, असे म्हणून’ ही वाक्ये. फिर्याद देणारा माणूस मला लहानपणापासून ठाऊक आहे. ‘उद्देश’ हा शब्द त्याच्या तोंडी कधी आला नसेल. परंतु कलम ३०७ ला उद्देश किंवा जाणीव लागते, म्हणून कृत्याच्या आधी वाक्यात उद्देश येऊन बसला होता. लिहून घेणाऱ्याने हे दुष्टाव्याने केले असेल असे मला वाटत नाही. कीर्तनकाराच्या पूर्वरंगासारखा तो ठरलेला साचा आहे. जो जो त्या ठाण्यात जातो, त्याचे दुःख त्या साच्यातून बाहेर येते.

दुसरी गोष्ट निवेदकाची. फिर्याद देणारा भाऊ वस्तीवर झोपला होता. ओरडा ऐकून तो धावत आला, असे त्यानेच फिर्यादीच्या शेवटी सांगितले होते. पण भांडण कसे सुरू झाले, आधी कोण काय बोलले, कोणाच्या मनात काय होते, हे सारे फिर्यादीत तपशीलवार होते. कादंबरीत अशा निवेदकाला आपण सर्वसाक्षी म्हणतो आणि त्याची ही सत्ता मान्य करतो. न्यायालयात मात्र साक्षीदाराने जेवढे पाहिले तेवढेच त्याला सांगता येते. ज्याला सर्व दिसले, असा निवेदक तेथे संशयास्पद ठरतो.

आमचे वकील तालुक्यातच चाळीस वर्षे वकिली केलेले गृहस्थ होते. चित्रपटांतल्या वकिलासारखे ते काहीच करीत नसत. आवाज चढवीत नसत, टेबलावर हात आपटीत नसत. त्यांचे सगळे काम कागद समोरासमोर ठेवून वाचण्याचे होते. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, दोघांच्या जखमांची प्रमाणपत्रे आणि साक्षीदारांचे पोलिसांपुढचे जबाब त्यांनी एका सतरंजीवर मांडले आणि मला म्हणाले, “बाई, तुम्ही पाठभेद काढता ना हस्तलिखितांचे? तेच करायचंय.”

पाठभेद निघाले. सर्वांत मोठा भेद एका अनुपस्थितीचा होता. भाच्याच्या हाताला धारदार शस्त्राची जखम असल्याचे सरकारी दवाखान्याचे प्रमाणपत्र होते. पण फिर्यादीत, प्रत्यक्षदर्शी म्हणवणाऱ्यांच्या जबाबांत आणि दोषारोपपत्राच्या हकिकतीत त्या जखमेचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले आहे की, त्याच घटनेत आरोपीला झालेल्या जखमांचा खुलासा सरकार पक्ष करीत नसेल, तर घटनेचा उगम दडवला गेला आहे असा निष्कर्ष न्यायालयाला काढता येतो. वरवरच्या ओरखड्यांना हा नियम लागू पडत नाही. साहित्यात आपण न लिहिलेल्या ओळींचा अर्थ लावतो, तेव्हा काही लोक त्याला समीक्षकाची कल्पनाशक्ती म्हणतात. येथे न लिहिलेल्या ओळीवर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते.

दुसरा तपशील अगदी लहान होता. पंचनाम्यात जप्त वस्तूंच्या यादीत खोरे आणि रक्ताळलेली माती यांच्यानंतर ‘एक बॅटरी, चारीतील पाण्यात मिळून आली’ अशी नोंद होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. वकिलांनी तिच्याखाली रेघ ओढली आणि काहीच बोलले नाहीत.

प्रत्यक्ष साक्षीपुरावा २०१९ मध्ये सुरू झाला. पहिल्यांदा साक्षीची नक्कल वाचली तेव्हा एका वाक्यरचनेने मला थांबवले: ‘हे म्हणणे खरे नाही की.’ बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत साक्षीदाराला आपल्या बाजूची हकीकत एकेका सूचनेच्या रूपात विचारतो. साक्षीदार ती नाकारतो आणि त्याचा नकार असा लिहिला जातो: ‘हे म्हणणे खरे नाही की, माझ्या भावाने प्रथम कोयता उगारला. हे म्हणणे खरे नाही की, आरोपीने हात आडवा धरला.’ आरोपी स्वतः गप्प बसलेला असतो आणि त्याची गोष्ट विरुद्ध बाजूच्या माणसाच्या तोंडून, नकाराच्या पोटात शिरून दप्तरात जाते. अलंकारशास्त्रात एकाचा निषेध करून दुसऱ्याची स्थापना करण्याला अपन्हुती म्हणतात. हे डोळे नव्हेत, हा कमळांचा ताटवा आहे, अशी तिची जात. न्यायालयातल्या नकारात जे नाकारले जाते, तेच वाचणाऱ्याच्या मनात उभे राहते. पुढे मी साक्षींतील तेवढीच वाक्ये क्रमाने लावून वाचली, तेव्हा बचावाची अखंड कथा समोर आली. अर्थात एवढ्याने ती खरी ठरत नाही. सूचना म्हणजे पुरावा नव्हे, हे वकिलांनी मला बजावून सांगितले होते.

जखमी शेजाऱ्याची साक्ष हा त्या खटल्यातला सर्वांत अवघड दिवस होता. तो काठी टेकत पिंजऱ्यात आला. त्याचे बोलणे जड झाले होते. उजव्या हाताची बोटे थरथरत होती. त्याची बायको आणि मी गावच्या शाळेत पुढेमागे शिकलेल्या बहिणींच्या मैत्रिणी. दोन्ही घरची माणसे एकाच एसटीने तारखेला येत आणि एकाच चिंचेखाली वेगवेगळ्या कडेला बसत. सरकारी वकिलांनी त्याला विचारले, भांडण कसे झाले? तो म्हणाला, “पाणी फुटलं म्हणून मी बांधावर गेलो. पुढचं मला आठवत नाही.” पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. डोक्याच्या दुखापतीनंतर असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. तरी तयार केलेले चार शब्द बोलणे त्याला अशक्य नव्हते. तसे बोलायला त्याला कोणी सुचवले असेल की नाही, ते मला ठाऊक नाही. तो जे आठवत नव्हते ते आठवत नाही म्हणाला, एवढे मी पाहिले. बचावाच्या बाजूला बसलेल्या आम्हा सर्वांच्या माना त्या वेळी खाली होत्या.

आता बचावाच्या मूळ आधाराकडे येते. दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याच्या हक्काविषयी आहेत. आजच्या न्याय संहितेत ती ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत. या संहितेचा १८३७ चा मसुदा ज्याच्या नेतृत्वाखाली झाला, तो मेकॉले आपल्याला १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे माहीत असतो; साहित्याच्या विद्यार्थ्यांना मिल्टनवरच्या निबंधामुळेही. कायदा १८६० मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यातील दृष्टांतांत माणसांना नावे नाहीत. बहुधा इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर कृत्य करते आणि शेवटचे अक्षर ते सोसते. वेडाच्या भरात एकाने दुसऱ्याला मारायला धाव घेतली, तर वेडा गुन्हेगार नाही. पण दुसऱ्याचा बचावाचा हक्क तेवढाच शाबूत राहतो. दोन्ही बाजूंना गुन्हेगार नसतानाही घाव बसू शकतो, हे इतक्या कोरडेपणाने सांगणारा तो दृष्टांत मला फार अस्वस्थ करून गेला.

आपल्या परंपरेलाही हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आततायीला विचार न करता मारण्याची मुभा आहे. आणि गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन समोरच्यांना आततायीच म्हणतो. तरीही त्यांना मारून आपल्याला पापच लागेल, असे त्याला वाटते. मुभा असणे आणि हात स्वच्छ वाटणे या दोन गोष्टी आहेत, हे त्याला कळले होते.

कायद्याने या हक्काला कुंपण घातले आहे. कलम ९९ प्रमाणे बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. कलम १०२ प्रमाणे धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंह विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या विषयाची तत्त्वे एकत्र सांगितली. जिवावर बेतलेल्या माणसाकडून घावाचे माप सोनाराच्या काट्यावर मागता येत नाही, हे त्यांपैकी एकाचे तात्पर्य. पण सूड आणि बचाव यांतील भेदही तेथे तेवढ्याच स्पष्टपणे ठेवला आहे.

शाबितीचे मापही दोन बाजूंना निराळे आहे. सरकार पक्षाला आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. बचावाचा हक्क सांगणाऱ्या आरोपीवर पुराव्याच्या कायद्याप्रमाणे शाबितीची जबाबदारी येते खरी, परंतु आपली हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी ती पुरी होते. तिच्यासाठी त्याने स्वतः साक्ष द्यावी किंवा साक्षीदार आणावेत असे नाही. सरकार पक्षाच्याच पुराव्यातून ती दिसली तरी चालते. किंबहुना आरोपीने तोंडाने सर्व नाकारले आणि पुराव्यातून बचाव दिसला, तरी न्यायालयाला तो विचारात घेता येतो. वकिलांचा सल्ला या शेवटच्या सवलतीवर उभा होता. “सगळ्याला ‘खोटे आहे’ म्हणायचं. मारलं असं एकदा कबूल केलं आणि बचाव मानला गेला नाही, तर हातात काय राहतं?”

हे बोलणे २०२२ मधले, आरोपीच्या जबाबाच्या आधीचे. मधल्या दोन वर्षांत महामारीने न्यायालयेही थंडावली होती. सरकार पक्षाचा पुरावा संपला की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. नव्या संहितेत हे कलम ३५१ आहे. आरोपीला शपथ दिली जात नाही, उलटतपासणी होत नाही, उत्तर नाकारले किंवा खोटे दिले म्हणून शिक्षा होत नाही. मात्र त्याने दिलेले उत्तर खटल्यात विचारात घेतले जाते. एरवी ही उत्तरे ‘खोटे आहे’ आणि ‘माहीत नाही’ या दोन शब्दप्रयोगांत संपतात. शेवटचा प्रश्न असतो: ‘तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे काय?’ सात वर्षांच्या खटल्यात आरोपीला स्वतःच्या आवाजात बोलायला मिळालेली ती एवढीच जागा. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये बेणारेला बचावासाठी दहा सेकंद मिळतात आणि तिचे बोलणे भोवतालच्या कोणाला ऐकूही जात नाही. ते नाटक मी अनेक वर्षे शिकवले होते. पण दहा सेकंद म्हणजे किती, हे त्या दिवसांत समजले.

या जबाबाऐवजी लेखी निवेदन देण्याचीही सोय आहे. ते समजल्यावर भावाने मला गावी बोलावून घेतले. घरातली सगळी माणसे ओसरीवर बसली होती. भाऊ म्हणाला, “अक्का, तू एवढी पुस्तकं लिहिलीस. लोकांच्या पुस्तकांत काय चुकलं ते सांगतेस. याचं निवेदन असं लिही की साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” यात थट्टा नव्हती. शिकलेल्या बहिणीच्या विद्येचा घराला उपयोग व्हावा, ही साधी मागणी होती.

मला त्या वेळी ‘मृच्छकटिका’चा नववा अंक आठवला. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप आहे. ती मेलेली नाही. शकाराने तिचा गळा दाबला आणि ती वाचली, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. न्यायाधीशाचे मन चारुदत्ताच्या बाजूने आहे. पण गणिकेशी मैत्री असल्याचे भर सभेत सांगायला तो लाजतो, अडखळतो. पुढे मैत्रेयाच्या काखेतून अलंकार खाली पडतात आणि सगळे वाचन उलटे फिरते. शूद्रकाने दाखवलेले हे सत्य मी वर्गात शीलाचे चित्रण म्हणून शिकवीत असे. न्यायालयात बसल्यावर त्याची दुसरी बाजू दिसली: सांगायला संकोच वाटणारी गोष्ट आरोपीने स्वतः सांगितली नाही, तर ती वस्तू होऊन खाली पडते आणि तिचा अर्थ दुसरेच कोणी लावतात.

भाच्याची अशी एक गोष्ट होती. जखमी शेजाऱ्याच्या प्रमाणपत्रात दोन जखमा होत्या, एक डोक्याला आणि एक खांद्याला. कोणती आधीची, हे डॉक्टरांना सांगता आले नव्हते. घाव दोन, हे मात्र निश्चित. रात्री सगळे झोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

“आत्या, पहिल्यांदा मारलं तेव्हा कोयता त्याच्या हातात होता. माझ्या हाताला तो लागलाच होता. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा होता का नव्हता, मला दिसलं नाही. बॅटरी पाण्यात पडली होती.”

“मग तसं सांग,” मी म्हणाले.

“घरचे म्हणतात, होताच म्हणून सांग. वकीलसाहेब म्हणतात, काहीच सांगू नको. तुला काय वाटतं?”

मला काय वाटते, हे मी लगेच सांगितले नाही. तुरुंगात जाण्याची जोखीम त्याची होती, माझी नव्हती. आणि दुसऱ्याच्या जिवावर सत्याचा आग्रह धरणे सोपे असते. मी त्याला एवढेच विचारले की, पुढची वीस वर्षे ती रात्र आठवेल तेव्हा तुला कोणते वाक्य बरोबर घेऊन जगता येईल? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दिसलं नाही, हेच खरं आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला आणि पंचनाम्यातली रेघ ओढलेली ओळ आमच्यापुढे सरकवली. बॅटरी खरोखरच चारीत सापडली होती. “धोका आहे,” ते म्हणाले, “पण कागद याच्या बाजूने बोलतोय.” निवेदन मी लिहिले, म्हणजे त्याने सांगितले ते कागदावर उतरवले. विशेषण एकही घातले नाही. त्यात पाच वाक्ये होती. शेजाऱ्याने कोयता उगारला तेव्हा मी डावा हात आडवा धरला. हाताला लागल्यावर मी खोऱ्याच्या दांड्याने दोनदा मारले. बॅटरी पाण्यात पडली होती. दुसऱ्यांदा मारताना कोयता त्याच्या हातात होता की नव्हता, हे मला दिसले नाही. तो पडल्यावर मी मारले नाही. भावाने ते वाचले आणि कागद माझ्याकडे परत देत म्हणाला, “यात तू काय लिहिलंस?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उपमेय की उपमान याचा निश्चय होत नाही, तेथे ससंदेह अलंकार होतो. तो मी नेहमी दोन उदाहरणांत उरकत असे. रूपकापुढे तो मला दुबळा वाटे. रूपक ठामपणे भेद पुसते, ससंदेह तो जपून ठेवतो. फौजदारी न्यायाची सारी इमारत या दुसऱ्या वृत्तीवर उभी आहे. एका माणसावर ‘गुन्हेगार’ या शब्दाचा आरोप करून भेद पुसण्यापूर्वी, तो भेद जपण्याची जबाबदारी तेथे न्यायाधीशावर टाकलेली असते. आणि बचाव म्हणजे आरोपाला तेवढ्याच ठाम प्रतिकथेने उत्तर देणे नव्हे, तर हा भेद शिल्लक आहे हे दाखवून देणे होय.

भाच्याच्या तक्रारीवरून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने शेजाऱ्यावरही गुन्हा नोंदला गेला होता. एकाच घटनेतून निघालेल्या अशा परस्परविरोधी खटल्यांची सुनावणी एकाच न्यायाधीशापुढे एकामागून एक व्हावी, एकातील पुरावा दुसऱ्यात वाचू नये आणि निकाल मात्र एकाच वेळी द्यावेत, अशी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली आहे. २०२३ मध्ये आमच्या तालुक्यात तसेच झाले. पहिल्या निकालात अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी म्हटले की, आरोपीच्या हाताच्या जखमेचा खुलासा सरकार पक्षाने केलेला नाही. शेजाऱ्याने कोयता उगारल्याची हकीकत संभवनीय दिसते. दोन घावांमधील क्षणभराच्या अंतरात, अंधारात, जखमी माणसाची भीती संपली होती असे म्हणता येत नाही. जे दिसले नाही ते दिसले नाही असे आरोपी सांगतो, याचीही नोंद त्यात होती. भाचा निर्दोष सुटला. अर्ध्या तासाने दुसरा निकाल वाचला गेला. शेजाऱ्याने कोयत्याने दुखापत केली हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध होत नाही. सबब तोही निर्दोष.

ज्या कोयत्याचे उगारणे एका खटल्यात संभवनीय ठरले, तेच दुसऱ्या खटल्यात सिद्ध झाले नाही. आणि दोन्ही निकाल बरोबर होते. एकात कोयता बचावाच्या पारड्यात होता, म्हणून संभव पुरेसा होता. दुसऱ्यात तो आरोपाच्या पारड्यात होता, म्हणून संभव पुरेसा नव्हता. एकाच संहितेची दोन प्रामाणिक वाचने संभवतात, हे मी जन्मभर सांगत आले. त्या दिवशी दोन जखमा आणि दोन निर्दोष माणसे एका दालनातून बाहेर पडताना पाहिली. शेजाऱ्याची बोटे तशीच थरथरत होती. त्यावर कोणत्याही निकालात काही लिहिलेले नव्हते, आणि लिहिण्याची जागाही नव्हती.

गावात ‘सुटला’ हा एकच शब्द दोघांनाही लावतात. त्यात थोडी शंका असते, थोडी सुटकाही असते. परतीच्या एसटीत दोन्ही घरची माणसे होती. कोणी कोणाशी बोलले नाही. शेजाऱ्याला उतरताना मात्र भाच्याने हात दिला आणि त्याने तो घेतला. यातून फार मोठा अर्थ काढू नये असे मला वाटते. चारीचा वाद अजून दिवाणी न्यायालयात चालू आहे.

पुढच्या महिन्यात भाच्याने निकालाबरोबर स्वतःच्या निवेदनाचीही प्रमाणित नक्कल मागवली. निकालाची प्रत भावाने देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. पाच वाक्यांचा तो कागद भाच्याने सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या पिशवीत घालून ठेवला आहे.